उसातला बिबट्या डरकाळी फोडत नाही

"बाळा, हात चांगला आहे तुझा. पण हा वाघ झोपलाय. याला जागा कर. जबडा उघड, सुळे दाखव. बघणाऱ्याच्या अंगावर आला पाहिजे."

गेल्या ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहानिमित्त आमच्या भडगाव तालुक्यात शालेय चित्रकला स्पर्धा झाली. परीक्षक म्हणून आलेल्या चित्रकारांनी सातवीतल्या एका मुलीला हा सल्ला दिला. वाघ-सिंहांची मोठाली तैलचित्रं काढणारे गृहस्थ, वयानं आणि हातानं माझ्यापेक्षा मोठे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्यांच्याशी नसून त्यांनी मांडलेल्या विचाराशी आहे. तो विचार त्यांच्या एकट्याचा नाही. शाळांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर, ट्रकच्या फाळक्यांवर आणि वन्यजीव चित्रांच्या प्रदर्शनांत तोच दिसतो.

बक्षीस समारंभात त्यांनी तो सविस्तर सांगितला. वाघाच्या चित्राचा प्राण दहशतीत असतो. देवीच्या वाहनापासून आपली परंपरा तीच आहे. चित्र म्हणजे प्राणिशास्त्राचं पुस्तक नव्हे, चित्रकाराला मोकळीक असते. आणि शेवटी, ज्या गिरणा नदीकाठी बिबट्यानं माणसं मारली तिथल्या मुलांना गरीब बिबट्या काढायला शिकवणं ही फसवणूक आहे. टाळ्या झाल्या. मी सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली, आणि त्या मांडवात गप्प बसून राहिलो. ते चुकलं. तेव्हा द्यायचं उत्तर आज लिहितो आहे.

आधी ते चित्र. अर्ध्या ड्रॉइंग शीटवर पोस्टर कलर. दोन्ही बाजूंना उसाची पानं, त्यांची पाती खाली वाकून सरीवर आलेली. सरीत पाणी, कारण बारं चालू आहे. सरीच्या टोकाला बिबट्या बसलाय, पुढचे पंजे छातीखाली घेतलेले, तोंड मिटलेलं, कान ताठ आणि पुढे वळलेले. चेहऱ्यावरचे ठिपके बारीक आणि भरीव. पाठीकडे जाताना ते मोठे होत गेलेत आणि मधून फुटून त्यांची फुलं झालीत. डोळ्यांच्या जागी दोन फिकट पिवळसर-हिरवी वर्तुळं, बाकी काही नाही. मी विचारलं, बुबुळं का काढली नाहीस? ती म्हणाली, "सर, बॅटरी मारली तर तेवढंच दिसतं." रात्रीच्या लाइटीवर वडिलांबरोबर पाणी भरायला गेली होती. त्यांनी बॅटरी फिरवली, सरीच्या टोकाला ते दोन दिवे दिसले. वडिलांनी तिला मागे घेतलं, मोठ्यानं बोलत दोघं बांधावर आले. थोड्या वेळानं ते दिवे विझले. एवढीच गोष्ट.

तिनं पाहिलं ते काढलं. तिच्या चित्राला उत्तेजनार्थसुद्धा काही मिळालं नाही. पहिलं बक्षीस मिळालं झेप घेणाऱ्या पट्टेरी वाघाला. ते चित्रही एका मेहनती मुलानं काढलं होतं आणि त्याच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण ते कॅलेंडरवरून उतरवलेलं होतं, आणि कॅलेंडरवाल्यानं ते दुसऱ्या कॅलेंडरवरून घेतलेलं असणार. जबडा पूर्ण उघडा, जीभ बाहेर, कान मात्र ससुल्यासारखे उभे. मांजरकुळातलं कोणतंही जनावर चवताळलं की आधी कान बदलतात. ते मागे वळतात, चपटे होतात. वाघाच्या कानामागे एकेक पांढरा ठिपका असतो, तो कान वळल्यावर समोरून दिसतो. उभे कान आणि फाडलेला जबडा हे एका चेहऱ्यावर नांदत नाहीत. हसऱ्या ओठांवर रडके डोळे काढावेत तसं ते आहे. त्या वाघाची बुबुळं उभ्या चिरेची होती. ती घरातल्या मांजरीची. वाघ-बिबट्याची बुबुळं गोल असतात, आपल्यासारखी.

आणि सर्वांत मोठी चूक त्या झेपेतच आहे. शिकारीवर जाणारा वाघ ओरडत नाही. ओरडेल तर उपाशी मरेल. तो दबकत जातो, तोंड मिटून, पोट जमिनीला लावून. चालताना मागचा पाय बहुतेकदा पुढच्या पायाच्याच ठशात पडतो आणि नख्या आत ओढलेल्या असतात, म्हणून मातीतल्या ठशात नखं उमटत नाहीत. वाघाची डरकाळी ही बहुतेक वेळा दूरच्या दुसऱ्या वाघाला दिलेली हाक असते, ती तीन किलोमीटरपर्यंत जाते. बिबट्याचा आवाज तर डरकाळीसारखाही नसतो. आडव्या लाकडावर करवत पुढे-मागे चालावी तसा तो खरखरीत येतो. ज्यांनी गिरणाकाठी रात्री पाणी भरलं आहे त्यांना हा आवाज सांगावा लागत नाही.

आता परंपरेचं बघू. परीक्षकांचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता, आणि त्याचं उत्तर आमच्यापासून फार लांब नाही. पाचोऱ्यावरून पुढे गेलं की अजिंठा. तिथल्या सतराव्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या भिंतीवर, सुतसोम जातकाची कथा रंगवलेली आहे. सुदास राजा शिकारीला जातो आणि रानात झोपी जातो. एक सिंहीण येते आणि त्याचे पाय चाटते. भारतीय भिंतीवर मोठ्या मार्जाराचं इतकं जुनं चित्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच उरलं असेल, आणि त्यात ती जीभ फाडायला बाहेर आलेली नाही, स्पर्श करायला आलेली आहे. परंपरा म्हणायची तर ही परंपरा मोजायची की नाही?

सातपुड्यात भिल्ल-पावरा पाड्यांवर वाघदेव पुजला जातो. पश्चिमेला डांगाकडे, नाशिक-पालघरच्या डोंगरांत वाघोबाच्या लाकडी आणि दगडी पाट्या उभ्या आहेत. वर सूर्य-चंद्र, खाली वाघ, अंगभर शेंदूर. गुरांच्या आणि माणसांच्या वाटेत येऊ नको, अशी विनवणी करायची ती जागा. ज्याच्याशी करार करायचा आहे त्याला कुणी चवताळलेला कोरत नाही. महिषासुरमर्दिनीचा सिंह मात्र चवताळलेला असतो, हे मला मान्य आहे. पण तिथे युद्ध चाललेलं आहे. शिल्पकारानं प्रसंग बघून जबडा उघडला. आम्ही प्रसंग टाकून दिला आणि जबडा तेवढा ठेवला.

मग हा कायम उघडा जबडा आला कुठून? माझं उत्तर सरळ आहे: शिकाऱ्याच्या दिवाणखान्यातून. मेलेल्या वाघाचं तोंड असं राहत नाही, ते तसं बसवावं लागतं. पेंढा भरणारा कारागीर ओठ मागे खेचतो, खोटी जीभ लावतो, सुळे घासूनपुसून पुढे आणतो, कारण भिंतीवरचं मुंडकं जितकं भयानक तितका ते टांगणारा शूर. म्हैसूरला व्हॅन इंगेन घराण्याच्या कारखान्यात विसाव्या शतकात असे हजारो वाघ-बिबटे भरले गेले आणि संस्थानिकांच्या, साहेबांच्या घरी गेले. ती मुंडकी छापील चित्रांत उतरली, छापील चित्रं कॅलेंडरांत, आणि कॅलेंडरं भडगावच्या शाळेत. मुलं वाघ काढतात असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती कुणाच्या तरी भिंतीवरचं मुंडकं काढत असतात.

आमच्या खानदेशाला तर हे अधिक लागू आहे. जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी 1825 मध्ये इथे भिल्ल पलटण उभारायला आला आणि धरणगावला राहिला. पुढच्या दहा वर्षांत त्याच्या नावावर 191 वाघ लागले, असं त्याचे चरित्रकार अभिमानानं सांगतात. एका माणसाचे, एका मुलखातले, एकशे एक्याण्णव. चाळीसगावहून कन्नडला जाताना आपण ज्या घाटानं चढतो त्या घाटाला त्याचं नाव आहे, आणि त्याच डोंगरातलं अभयारण्य 1986 मध्ये जाहीर झालं तेव्हा ते नाव अभयारण्याच्या नावातही राहिलं: गौताळा औट्रमघाट. वाघ संपवणाऱ्याचं नाव वाघाच्या आसऱ्याला. हे वाचताना मला दरवेळी लाज वाटते.

अजिंठ्याचा जगाला लागलेला शोधही शिकारीतूनच लागला. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास लष्करातला अधिकारी वाघाच्या मागे आला आणि त्याला दहावं लेणं दिसलं. त्यानं तिथल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली, चित्रावरच. पुढे 1844 मध्ये त्याच लष्करातल्या रॉबर्ट गिलची भित्तिचित्रांच्या प्रती काढायला नेमणूक झाली. गिल आणि पारोची प्रेमकथा खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे, ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे तर अधिकच. मी वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. गिल नावाजलेला शिकारी होता. दिवसा लेण्यांतली चित्रं डोळ्यांना ताण देऊन उतरवायची, रानात बंदूक चालवायची. पुढे त्यानं कॅमेरा हाती घेतला. 1864 मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या शंभर छायाचित्रांचं पुस्तक लंडनला निघालं, त्यात वास्तूंबरोबर पश्चिम हिंदुस्थानातलं प्राणिजीवन होतं. त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे हलणारं जनावर उभं राहत नसे. त्यासाठी ते बहुतेकदा मेलेलंच लागे. गिलच्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो स्वतः 1879 मध्ये वारला आणि भुसावळला त्याची कबर आहे. ज्या माणसानं अजिंठ्याच्या भिंतींपुढे वर्षानुवर्षं बसून त्या उतरवल्या त्याच्याही हातून जिवंत वाघ निसटला. गिलवर मी आरोप ठेवत नाही, तो त्याच्या काळाचा होता. आपण दीडशे वर्षांनंतर, हातात शंभर साधनं असताना, त्याच बंदुकीच्या नजरेनं का बघतो, हा माझा प्रश्न आहे.

चित्रकाराच्या मोकळिकीचा मुद्दा आता. ती मला पूर्ण मान्य आहे. परीक्षकांनी आँरी रूसो या फ्रेंच चित्रकाराचं उदाहरण दिलं होतं. त्यानं 1891 मध्ये वादळातला वाघ काढला, जन्मात फ्रान्सबाहेर पाऊल टाकलं नाही, पॅरिसच्या बागेतली झाडं आणि पिंजऱ्यातली जनावरं बघून अख्खं जंगल रचलं. खरं आहे. पण त्या चित्रातला वाघ विजेनं दचकलाय. रूसोला न पाहिलेल्या वाघात एक अवस्था दिसली. आणि जपानचे मारुयामा ओक्योसारखे चित्रकार, ज्यांना जिवंत वाघ बघायला मिळत नव्हता, ते वाघाचं कातडं आणि घरची मांजर समोर ठेवून वाघ काढत. त्यांच्या वाघांचे डोळे मांजरीचे झाले ते नाइलाजानं. आमच्यापुढे तो नाइलाज नाही. मोकळीक म्हणजे पाहिलेलं वाकवण्याचा हक्क. जे पाहिलंच नाही ते वाकवणार कसं? त्या स्पर्धेत मोकळीक घेतली होती ती त्या मुलीनं. बुबुळं गाळून फक्त प्रकाश ठेवायचा हा निर्णय कुठल्याही कॅलेंडरवर नव्हता.

कॅमेरे आले, आता चित्राला कशाला अचूकपणा, असंही काही जण म्हणतात. मार्च 2021 मध्ये गौताळ्यात लावलेल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. कित्येक दशकांनी त्या डोंगरात वाघ आला होता. पट्टे जुळवून पाहिले तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, एका वाघाच्या दोन कुशींचेही नसतात. म्हणजे पट्टे हा त्याचा चेहरा आहे, त्याचा पत्ता आहे. आपण मात्र पट्टे काढतो ते झेब्र्यासारखे, हाताला येतील तसे, आणि तरी त्याला व्यक्तिचित्र म्हणतो. माणसाचं पोर्ट्रेट असं कुणी करेल का? बिबट्याचं तर आणखी वाईट. त्याच्या अंगावर भरीव गोल ठिपके टाकून देतात, डोळ्याखाली काळी धारही ओढतात. तो चित्ता झाला. चित्ता हा शब्दच मुळी संस्कृत 'चित्र' वरून आलाय, चित्रं अंगावर घेऊन फिरणारा तो. 1952 मध्ये तो या देशातून संपल्याचं जाहीर झालं. आम्ही त्याचं कातडं बिबट्याला घालून शाळेच्या बोलक्या भिंतीवर उभा केला, आणि मुलं तेच खरं मानून मोठी झाली.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो मी सर्वांत जपून लिहितो. 2017 च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात, आमच्याच गिरणेच्या काठी, बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. वरखेडे आणि आजूबाजूच्या गावांत लोक संध्याकाळनंतर घराबाहेर पडेनात. अखेर डिसेंबरमध्ये बाहेरून शिकारी बोलावून नरभक्षक ठरवलेल्या बिबट्याला गोळी घातली गेली. भडगाव तालुक्यातही त्या दिवसांत "वाघ उना" (वाघ आला) म्हटलं की अख्खी गल्ली दारं लावून घ्यायची. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासमोर उभं राहून मी बिबट्याचं कौतुक करणार नाही. तसं करणं क्रूर आहे.

पण परीक्षकसाहेब, त्यांच्यापैकी कुणाला डरकाळी ऐकू आली होती? बिबट्या आला तो आवाज न करता, पिकातून, खालच्या उंचीवरून. वाकून कापूस वेचणारं, बसलेलं, लहान चणीचं माणूस त्याला सावजासारखं दिसतं. म्हणून वनखात्याचे लोक गावोगाव सांगत होते की एकटं जाऊ नका, मोठ्यानं बोला, मोबाइलवर गाणी लावा, काठीला घुंगरू बांधा, पोरांना संध्याकाळी अंगणात एकटं बसवू नका. या सूचनांमागचा बिबट्या कोणता आहे? तो कॅलेंडरवरचा झेप घेणारा नव्हे. तो त्या मुलीच्या चित्रातला आहे, सरीच्या टोकाला, तोंड मिटून, कान पुढे करून. ज्या पोरानं आयुष्यभर फक्त गर्जणारा वाघ पाहिला ते पोर गर्जना ऐकू येईपर्यंत स्वतःला सुरक्षित समजतं. फसवणूक होते ती तिथे. गरीब बिबट्या कुणीच काढलेला नव्हता. तिनं शांत बिबट्या काढला होता. शांत आणि गरीब यांतला फरक शेतकऱ्याच्या पोरीला कळतो. तिच्या वडिलांनी तिला मागे घेतलं आणि ते मोठ्यानं बोलत बांधावर आले, कारण त्यांनाही तो कळत होता.

भयाच्या चित्रानं आणखी एक नुकसान होतं. बिबट्या नुसता दिसला तरी शे-दोनशे माणसं जमतात, दगड पडतात, मोबाइल निघतात, आणि घेरलेलं जनावर खरोखरच अंगावर येतं. मग मागणी होते पिंजऱ्याची, आणि पकडलेला नेऊन दूर कुठेतरी सोडा म्हणून. जुन्नर भागात वीसेक वर्षांपूर्वी हेच केलं गेलं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की असं सोडल्यानं हल्ले घटले नाहीत, वाढले. पुढे अकोल्यात, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या, त्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावले तर दर शंभर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास मोठे बिबटे निघाले. माणसांच्या वस्तीत, उसात, बहुतांशी कुत्र्यांसारख्या पाळीव जनावरांवर जगणारे. 2022 च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात 1,985 बिबटे आहेत, आणि ती मोजणी मुख्यतः जंगलांतली. ऊस आणि केळीतले वेगळेच. म्हणजे बिबट्या आमच्याकडे पाहुणा आलेला नाही, तो शेजारी आहे. शेजाऱ्याचा चेहरा तरी नीट माहीत असायला हवा.

चित्रानं काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांना एक आठवण देतो. 1973 मध्ये डेव्हिड शेफर्ड या इंग्रज चित्रकारानं 'टायगर फायर' नावाचं एक चित्र काढलं. त्याच्या छापील प्रती विकून 1,27,500 पौंड उभे राहिले आणि ते भारतातल्या वाघांच्या कामी आले, ज्या वर्षी आपल्याकडे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी. एका चित्रात एवढी ताकद असेल तर उलट्या दिशेनंही तेवढीच असते, हे मान्य करा. लाखो भिंतींवरच्या फाडलेल्या जबड्यांनी काहीच घडत नाही, हे मी मानणार नाही.

त्या मुलीनं त्यानंतर बिबट्या काढला नाही. या वर्षी ती इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीत आहे आणि स्मरणचित्राला बाजार, बसस्थानक, पोळा असे विषय घेते. मी आग्रह केला नाही. ते मूळ चित्र मी तिच्याकडून मागून घेतलं आणि आता ते माझ्या समोरच्या भिंतीवर आहे.

येत्या ऑक्टोबरात पुन्हा स्पर्धा होतील, भडगावला, पाचोऱ्याला, चाळीसगावला. परीक्षक म्हणून जे बसतील त्यांना माझी एक विनंती आहे. वाघाचं चित्र हातात आलं की आधी कान बघा. मग डोळे, मग पंजे. जबडा सर्वांत शेवटी बघा. आणि मुलाला विचारा, हा तू कुठे पाहिलास?